तळलेली कलेजी: दहा चालींत संपलेला एक डाव

मागच्या मे महिन्यात भाची परभणीला दोन दिवसांची बुद्धिबळ स्पर्धा खेळून आली. सेलूला गाडीतून उतरली, घरी आली, माठातलं दोन तांबे पाणी प्यायली आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं टाकला.

"बघा मामा. दहा चालीत गेले."

तो कागद म्हणजे तिची स्कोअरशीट. स्पर्धेत दोघा खेळाडूंना आपली आणि समोरच्याची, प्रत्येक चाल लिहून ठेवावी लागते. पोरांना याचा भारी कंटाळा, पण बुद्धिबळाचं निम्मं शिक्षण या कागदात आहे. तो असतो म्हणून हरलेला डाव जशाच्या तसा घरी आणता येतो, मांडता येतो, हवा तिथं थांबवता येतो. तिच्या कागदावर पहिल्या सहा चाली वळणदार अक्षरात होत्या. सातवीपासून अक्षर मोठं आणि तिरकं झालं होतं. नववीच्या ओळीत पेन इतकं दाबलं होतं की कागदाच्या मागं हात फिरवला तर उठाव लागायचा. डाव कुठं हातातून सुटला हे चाली न वाचताही कळत होतं. निदान सुटला असं तिला कुठं वाटलं, ते तरी.

आता जमलं तर पट मांडा. मोबाईलवरचा चालेल, खरा असला तर फारच बरं. उभ्या आठ ओळींना पांढऱ्याच्या डाव्या हातापासून ए, बी, सी करत एच पर्यंत नावं, आणि आडव्या ओळींना पांढऱ्याकडून १ ते ८ आकडे. म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं की ते ई-४ ला आलं. भाचीकडं काळी मोहरी होती.

पांढऱ्यानं ई-४ केलं, हिनं ई-५. त्याचा घोडा एफ-३ ला, हिचा सी-६ ला. त्याचा उंट सी-४ ला, हिचा दुसरा घोडा एफ-६ ला. चौथ्या चालीला त्यानं घोडा उचलून जी-५ ला घातला, हिनं डी-५ ला प्यादं ढकललं. त्यानं ई च्या प्याद्यानं ते मारलं, हिनं घोड्यानं परत मारलं. सहावी चाल: त्याच्या घोड्यानं एफ-७ चं प्यादं खाल्लं, हिच्या राजानं तो घोडा खाल्ला. सातवी: त्याचा वजीर एफ-३, शह. हिचा राजा जी-८ ला परत. आठवी: उंटानं डी-५ चा घोडा मारला, पुन्हा शह, हिच्या वजिरानं उंट मारला. नववी: त्याच्या वजिरानं हिचा वजीर मारला, शह; हिनं उंट ई-६ ला आडवा घातला. दहावी: वजिरानं तो उंट मारला आणि मात.

शेवटचं चित्र जरा बघा. काळा राजा जी-८ ला. एका बाजूला स्वतःचा हत्ती, दुसऱ्या बाजूला स्वतःचा उंट, पुढं स्वतःची दोन प्यादी. मोकळं घर एकच, एफ-७, आणि त्यावर पांढऱ्या वजिराची नजर. राजा आपल्याच भावकीत अडकून मेला.

तिनं गाडीतच मोबाईलवर सगळा डाव तपासला होता. लीचेस नावाचं फुकट संकेतस्थळ आहे, लोकांच्या देणग्यांवर चालतं, जाहिराती नाहीत. तिथं चाली भरल्या की स्टॉकफिश हा संगणक-खेळाडू डाव तपासतो आणि चुकलेल्या चालींवर खुणा करतो. सातव्या चालीवर लाल खूण होती: राजा जी-८ ऐवजी ई-६ ला हवा होता, आता तीन चालीत मात. "म्हणजे एकच चाल चुकली," ती म्हणाली. "राजा पुढं काढायचा होता." आणि मोबाईल बाजूला ठेवला. तिच्या लेखी अभ्यास संपला होता.

माझं भांडण इथं सुरू होतं. संगणक खोटं बोलत नाही, पण आपण त्याला जे विचारतो त्याचं उत्तर तो देत नाही. "या क्षणी सगळ्यात चांगली चाल कोणती?" एवढंच त्याला ठाऊक. "मी इथवर आले कशी?" हा प्रश्न त्याचा नाही. राजा ई-६ ला नेऊन काय होतं ते तिला मांडूनच दाखवलं. पांढरा घोडा सी-३ ला येतो. आता डी-५ वरच्या काळ्या घोड्यावर तिघं टपलेले: उंट, घोडा, वजीर. तो घोडा हलूही शकत नाही, कारण त्याच्या मागं उंटाच्या तिरप्या रेषेत राजा उभा आहे. त्याला राखायला वजीर, खुद्द राजा आणि धावत येणारा दुसरा घोडा. राजा मैदानाच्या मधोमध, डाव आत्ता कुठं सुरू होतोय आणि तुमचा सेनापती बाजारात उघडा. काळ्याकडं एक घोडा जास्त आहे आणि त्या बदल्यात गेलंय एक प्यादं. कागदावर फायदाच. पण घड्याळ टिकटिकतंय, मंगल कार्यालयातला पंखा खडखडतोय, शेजारच्या टेबलावर कुणीतरी हात मिळवून उठतंय. अशात तेरा वर्षांच्या पोरीनं तो राजा वाचवायचा? मला तरी जमलं नसतं.

मोबाईल मी उशीखाली ठेवला आणि तिला प्रत्येक चालीपुढं पेन्सिलीनं लिहायला लावलं: तेव्हा डोक्यात काय होतं? सजवायचं नाही, जे होतं तेच. खेळलेल्या डावाचा अभ्यास करायची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही, आणि ती संगणकाच्या आधीच करावी लागते. एकदा उत्तर दिसलं की "मला तसंच वाटलं होतं" असं मन बिनदिक्कत सांगतं.

सातवीपुढं तिनं लिहिलं, "राजा घरात गेला की सुरक्षित." पाचवीपुढं बराच वेळ पेन्सिल फिरवली आणि लिहिलं, "त्यानं मारलं म्हणून मारलं."

मूळ तिथं आहे. पण ते बघायच्या आधी चौथी चाल, कारण तिथं तिचं काहीच चुकलेलं नाही.

डाव सुरू होताना काळ्याच्या आठही प्याद्यांकडं नीट बघा. प्रत्येकाला कुणी ना कुणी राखतंय: हत्ती, उंट, वजीर. एफ-७ च्या प्याद्याला मात्र राजाशिवाय कुणी नाही. खळ्यावर राखणीला खुद्द मालकानं बसावं तसं. पांढऱ्याचा उंट सी-४ ला आला तो याच घरावर नजर ठेवून, आणि घोडा जी-५ ला आला की टपणारे दोन होतात. राखणारा राजा एकटाच. दुसरं मोहरं राखणीला आणावं तर नीट जमत नाही, म्हणून डी-५ ला प्यादं घालून उंटाची वाटच अडवायची. हिनं तेच केलं. शाबास.

मग पांढऱ्यानं ते प्यादं मारलं आणि हिचा हात आपोआप घोड्याकडं गेला. घेतलं ते परत घ्यायचं, व्यवहार बरोबर करायचा. वाण्याच्या वहीत हे ठीक आहे. पण घोडा डी-५ ला पोचला आणि तिथं त्याला राखणारा फक्त वजीर. वर, एफ-६ ला असताना पांढऱ्या वजिराची उजव्या अंगाची वाट तो रोखून होता, ती रखवाली सुटली. पुढची सगळी पडझड त्या एका घरातून निघते. एफ-७ वर घोडा फेकून राजाला बाहेर ओढलं, एफ-३ ला वजीर आला, एका दमात राजाला शह आणि घोड्यावर डोळा. डी-५ वर आता टपणारे दोन, राखणारा एक. राजा ई-६ ला नेला नाही तर घोडा तर जातोच, आणि जी-८ ला नेला तर डावही जातो. सातवी चाल म्हणजे ताप होता, दुखणं पाचवीत होतं. गंमत अशी की पाचवीवर संगणकानं नुसतं लहानसं प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. लाल खुणेपुढं ते हिला दिसलंच नाही.

"मग काय खेळायचं?" तिनं विचारलं.

"घोडा. पण हा नाही, तो." सी-६ चा घोडा मी ए-५ ला ठेवला.

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ओ मामा, काठावर? सर तर म्हणतात काठावरचा घोडा लंगडा."

सर बरोबरच सांगतात. पटाच्या मधल्या घोड्याला उडी मारायला आठ घरं असतात, ए-५ वरच्याला चार, कोपऱ्यातल्याला दोन. डॉक्टर झीगबर्ट टाराश हे जर्मन उस्ताद गेल्या शतकाच्या आरंभी युरोपभर बुद्धिबळाचे मास्तर मानले जात. काठावरच्या घोड्याच्या फजितीची म्हण त्यांच्याच नावावर सांगतात. आणि याच टाराशांनी पांढऱ्याच्या चौथ्या चालीला, घोडा जी-५ ला, अडाण्याची चाल म्हणून हिणवलं होतं. त्यांचं म्हणणं, एकच मोहरं दोनदा उचलून हल्ला करायचा नसतो, आधी घर मांडावं. आता योगायोग बघा: त्या चालीला सगळ्यात भरवशाचं उत्तर म्हणजे घोडा काठावर. मास्तरांचा एक नियम मोडणाऱ्याला धडा शिकवायचा तर मास्तरांचाच दुसरा नियम मोडावा लागतो.

ओपनिंग म्हणतात ते हेच. सुरुवातीच्या चालींचं पाठांतर म्हणजे ओपनिंग, असा पोरांचा समज असतो, आणि दुर्दैवानं काही शिकवणाऱ्यांचाही. मधला भाग ताब्यात घ्या, मोहरी बाहेर काढा, राजाला किल्लेकोट करा (म्हणजे हत्तीच्या आड सुरक्षित बसवा), हे नियम सगळ्यांना ठाऊक असतात. नियम कुठल्या घरावर मोडायचा आणि का, हे आधीच्या लोकांनी हरून हरून शोधलं, त्याची नोंद म्हणजे ओपनिंग. आणि नुसतं पाठ करून पुरणारही नाही. पांढऱ्याला पहिली चाल वीस प्रकारे करता येते, दोघांची एकेक झाली की चारशे शक्यता, दोन-दोन झाल्या की १,९७,२८१. घोकून घोकून किती घोकणार?

ए-५ च्या घोड्यानं होतं काय? सी-४ च्या उंटावर तो धावून जातो. एफ-७ वर ज्याच्या जोरावर सगळा दंगा, तोच उंट आता पळायच्या तयारीत. पांढरा सहसा बी-५ ला उंट नेऊन शह देतो, काळा सी-६ ला प्यादं आडवं घालतो, पांढरा ते मारतो, काळा बी च्या प्याद्यानं परत मारतो. उंटावर पुन्हा हल्ला, तो ई-२ ला मागं येतो. काळा एच-६ करून जी-५ च्या घोड्याला हुसकतो, तो एफ-३ ला. काळा ई-४ करून पुन्हा हुसकतो, तो ई-५ ला. दहा चाली झाल्या.

आता मोजा. काळ्याचं एक प्यादं कमी आहे, हे खरं. पण पांढऱ्यानं त्या दहा चाली कुठं घातल्या? उंट तीनदा हलवला: सी-४, बी-५, ई-२. घोडा चारदा: एफ-३, जी-५, परत एफ-३, मग ई-५. सात चाली दोन मोहऱ्यांवर, बाकी तीन प्याद्याच्या.

बुद्धिबळात याला टेम्पो म्हणतात. आमच्याकडं समजवायला मी जायकवाडीच्या कालव्याची पाळी वापरतो. पाळी आली की पाणी सगळ्या रानात फिरवायचं असतं. त्याच दोन वाफ्यांत सात वेळा पाणी सोडलं तर ते वाफे हिरवे दिसतील, पण बाकीचं रान वाळणार, आणि गेलेली पाळी काही परत येत नाही. पांढऱ्याच्या पदरात प्यादं जास्तीचं, पण वजिराच्या बाजूचं सगळं सैन्य अजून छावणीत झोपलेलं. काळ्यानं पुढची चाल उंट डी-६ केली की ई-५ च्या घोड्यावर पुन्हा हल्ला, म्हणजे आपलं मोहरं बाहेर आलं आणि समोरच्याची आणखी एक पाळी त्याच घोड्यावर खर्ची पडणार. प्यादं देऊन वेळ विकत घेतला. सौदा महाग की स्वस्त यावर आजही मोठमोठे खेळाडू भांडतात. चौथ्या चालीचा तो घोडा ग्रँडमास्टरही बिनदिक्कत खेळतात; टाराशांची कुचेष्टा काही टिकली नाही.

तिचा डाव नवा नव्हता हे तिला सांगितलं तेव्हा जरा हायसं वाटलं असावं. एफ-७ वर घोडा फेकायची ही युक्ती १६१० च्या सुमाराला रोममध्ये खेळली गेली, ज्युलिओ पोलेरिओ या इटालियन खेळाडूनं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या वीस वर्षं आधी. इटालियन लोक तिला फेगातेल्लो म्हणतात, इंग्रजीत नाव झालं फ्राइड लिव्हर.

"म्हणजे कलेजी फ्राय?" भाची हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू. त्यानंतर आमच्या घरी या हल्ल्याचं दुसरं नाव कुणी घेत नाही.

त्या काळापासूनच्या जुन्या डावांत आणखी एक रीत दिसते. जिंकणाऱ्याचं नाव असतं, हरणाऱ्याच्या जागी पुष्कळदा फक्त 'एन. एन.', म्हणजे कुणीतरी, अनामिक. नवशिके, हौशी, अमीर-उमराव, सगळे त्या दोन अक्षरांत. मला या एन. एन. बद्दल फार आपुलकी वाटते. पाचव्या चालीला घोड्यानं परत मारणारे लोक नसते तर या हल्ल्याला नावच मिळालं नसतं.

आणि ते लोक अजून आहेत. लीचेसवरच 'ओपनिंग एक्सप्लोरर' आहे: पटावर एखादी स्थिती मांडा, तिथून पुढं लोक काय खेळले आणि कोण जिंकलं ते दिसतं. त्यात दोन कोठारं असतात, एक उस्तादांच्या डावांचं आणि एक तुमच्या-आमच्यासारख्यांचं. पाचव्या चालीवर दोन्ही उघडून बघा. उस्ताद ए-५ च्या मागं रांग लावून उभे. नवशिक्यांत घोड्यानं परत मारणाऱ्यांची गर्दी. तुमचा हात आपोआप जिकडं जातो ती चाल एका कोठारात सर्रास आणि दुसऱ्यात जवळपास गायब दिसली, तर तिथं थांबून विचार करा. ओपनिंग कुठून शिकायची याचं ते ठिकाण.

ओपनिंगांना कोशात क्रमांकही असतात, ए पासून ई पर्यंत पाच खंड आणि प्रत्येकात शंभर. भाचीचा डाव सी-५७ मध्ये बसतो. तिनं ए-५ केलं असतं तर तो सी-५८ किंवा ५९ मध्ये गेला असता. एका चालीनं कप्पा बदलतो. बाकी त्या आकड्यांचा खेळताना काही उपयोग नाही, शोधायला सोपं जातं एवढंच.

याच पाचव्या चालीला आणखीही उत्तरं आहेत, फ्रिट्झ आणि उल्वेस्टाड या खेळाडूंच्या नावांची. चौथ्या चालीला डी-५ न करता एफ-७ वाऱ्यावर सोडून उलट हल्ला चढवायची एक वाट कारेल ट्रॅक्सलर या चेक पाद्र्यानं १८९० मध्ये दाखवली. ती बघून पोरांना वेड लागतं. मी भाचीला ती दाखवली नाही. आधी एक उत्तर हाडात मुरू दे.

आमचे आजोबा देशी पद्धतीनं खेळायचे, मारुतीच्या पारावर. त्यात प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालतं आणि शह बसायच्या आत राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते. तिथं ई-४, ई-५ होतच नाही, डाव हळूहळू तापत जातो, जुन्या चुलीसारखा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी हे गोऱ्या जॉन कॉक्रेनशी खेळायचे ते असंच, प्यादी एकेक घर सरकवत आणि उंट कोपऱ्याच्या रेषेवर बसवत. पुढं जगभरच्या पुस्तकांत 'इंडियन डिफेन्स' हे नाव आलं ते तशा खेळावरून. आजोबांना एफ-७ चा हा गोंधळ दाखवला असता तर म्हणाले असते, घाई कुणाला लागलीय एवढी?

संध्याकाळी लाईट गेली. कूलर बंद, मग आम्ही चटई गच्चीवर टाकली आणि मेणबत्तीच्या उजेडात काठावरच्या घोड्याची स्थिती मांडली, दहाव्या चालीनंतरची. नियम एकच: मागं जायचं नाही, तिथून पुढं खेळायचं. ती काळी, मी पांढरा. पहिला डाव मी जिंकला, कारण एक प्यादं कमी असल्याच्या धास्तीनं ती बचावालाच बसली. दुसऱ्यात तिनं उंट डी-६ ला काढला, मग किल्लेकोट केला, हत्ती ई च्या ओळीत आणला, आणि माझा घोडा कुठं ठेवू हे मला सुचेना. वजिराच्या बाजूचा माझा हत्ती शेवटपर्यंत जागचा हलला नाही. हरलो. तिसरा अर्धा झाला आणि वाऱ्यानं मेणबत्ती विझली.

अंधारात ती मोहरी चाचपून परत मांडायली होती. मोबाईलचा टॉर्च लावला तर पट सहाव्या चालीवर आणून ठेवलेला: घोडा ए-५ ला, पांढऱ्याची पाळी.

"मामा, यानं शह दिलाच नाही तर? उंट राहू दिला तिथंच, आणि नुसतं डी-३ केलं तर?"

ही चाल पॉल मॉर्फी खेळायचा, एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेचा सगळ्यात मोठा खेळाडू. मी तिला ते सांगितलं नाही. एच-६ करून बघ म्हणालो, आणि टॉर्च धरून बसलो.